माझीच चाल, माझ्याच पुढ्यात

२०२० च्या एप्रिलमधली रात्र. निपाणीत सगळीकडे सामसूम. एरवी मध्यरात्रीही महामार्गावरच्या ट्रकांची घरघर आमच्या गच्चीपर्यंत येते, ती थांबलेली. कॉलेज बंद, बाजार बंद, शेजारणींची ये-जा बंद. जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली आणि मी मोबाईल घेऊन पलंगाच्या कडेला बसले. बुद्धिबळाचा डाव मांडला. मांडला कसला, बोट लावलं आणि आपोआप मांडला गेला! समोरचा कोण, कुठला, बाई की बाप्या, काही पत्ता नाही. नावाच्या जागी दोन अक्षरं आणि पुढे चार आकडे.

मी राजापुढचं प्यादं दोन घरं सरकवलं. त्यानंही सरकवलं. मी घोडा काढला, त्यानं त्याच बाजूचा घोडा काढला. मी दुसरा घोडा काढला, त्यानंही काढला. उंटाला उंट. मी किल्लेकोट केला, तर पलीकडेही किल्लेकोट! तोवर मला काही वाटलं नव्हतं. सुरुवातीच्या चाली सारख्या पडतातच. पण आठव्या चालीला मी मुद्दामच कडेचं एक बिनकामाचं प्यादं एक घर पुढे केलं. दोन सेकंदांत पलीकडचं कडेचं प्यादं एक घर पुढे आलं.

लहानपणी भावंडांनी वेडावलेलं आठवतंय ना? आपण म्हणायचं, ‘काय करतोस?’ की तोही म्हणणार, ‘काय करतोस?’ आपण म्हणायचं, ‘सांगू आईला?’ तोही म्हणणार, ‘सांगू आईला?’ आणि शेवटी आपणच रडत आईकडे जायचं. अगदी तसं झालं. मला डाव दिसेनासा झाला, नुसता राग दिसायला लागला. त्या रागाच्या भरात मी वजीर नको त्या घरात नेऊन ठेवला. आणि वाचकहो, एवढा वेळ माझी री ओढणाऱ्या त्या महाभागानं त्या एका चालीला मात्र नक्कल केली नाही. शांतपणे माझा वजीर मारला. पुढच्या दहा चालींत मी हरले.

हरण्याचं मला काही वाटत नाही. पंचवीस वर्षं वर्गावर उभं राहिलेल्या माणसाला हरण्याची सवय असते. पण माझ्याच चालींनी मला हरवलं, हे काही पचेना. दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्या कॉलेजमधल्या गणिताच्या सरांना फोन लावला. सर बुद्धिबळातले दर्दी. सगळं ऐकून घेतलं आणि हसत म्हणाले, “मॅडम, नक्कल करणाऱ्यावर चिडायचं नसतं. त्याला आपल्याला हवं तिथे न्यायचं असतं.”

मग त्यांनी फोनवरच तासभर शिकवणी घेतली. ती इथे थोडक्यात सांगते, कारण माझ्यासारखे चिडलेले आणखीही कुणी असतील.

सर म्हणाले, काही खेळ असे असतात की तिथे नक्कल करणाराच जिंकतो. गोल टेबल घ्या. दोघांनी आळीपाळीनं त्यावर रुपयाचं नाणं ठेवायचं, नाणं नाण्यावर चढता कामा नये, ज्याला ठेवायला जागा उरणार नाही तो हरला. पहिल्या भिडूनं पहिलं नाणं बरोबर मधोमध ठेवावं आणि मग समोरचा जिथे ठेवील त्याच्या अगदी विरुद्ध बाजूला आपलं ठेवत जावं. त्याला जागा मिळाली तर आपल्याला मिळणारच. डोकं चालवायची गरजच नाही! जपानी लोकांच्या ‘गो’ या खेळातही अशी नक्कल चालते. तिला त्यांच्याकडे ‘माने-गो’ असं नावच आहे.

बुद्धिबळात मात्र हे शेवटपर्यंत चालत नाही. कारण एकच, शह. मी शह दिला तर समोरच्याला आधी आपला राजा सांभाळावा लागतो, उलट मलाच शह देत बसायला त्याला सवड नसते. शह बसला की नक्कल संपली. दुसरं असं की मी एखादा मोहरा मारला, तर ज्या मोहऱ्यानं त्यानं नक्कल करायची तोच कधी कधी पटावरून गेलेला असतो. पांढऱ्या सोंगट्यांवाला एक पाऊल पुढे असतो. ते एक पाऊल नेमकं कुठे खर्चायचं, एवढंच ठरवायचं.

सरांनी दोन औषधं सांगितली. पहिलं बिनधोक. राजापुढची प्यादी समोरासमोर. मग मी राजाकडचा घोडा काढायचा, तोही काढतो. मी घोड्यानं त्याचं प्यादं मारायचं, तोही माझं मारतो. रशियाचे अलेक्झांडर पेत्रॉव्ह हे एकोणिसाव्या शतकातले मोठे खेळाडू, त्यांच्या नावानं ही सुरुवात ओळखली जाते. आता मी वजीर राजापुढच्या घरात आणायचा, त्याच्या घोड्यावर नजर ठेवून. त्यानं नक्कल करून वजीर तसाच आणला की मी वजिरानं त्याचा घोडा मारायचा. आता त्यानं पुन्हा नक्कल करून वजिरानं माझा घोडा मारला, तर माझा वजीर त्याचा वजीर खातो, आणि वर शहही बसतो. सहाव्या चालीला वजीर गेला!

दुसरं औषध जहाल. चारच चालींचं. वजिरापुढचं प्यादं दोन घरं, त्याचंही दोन घरं. माझा वजीर दोन घरं पुढे, त्याचाही. मग माझा वजीर आडवा चार घरं जाऊन उजव्या कडेच्या हत्तीच्या पट्टीत उभा राहतो. त्याचाही येऊन उभा राहतो. आणि चौथ्या चालीला माझा वजीर तिरका पाच घरं झेपावून त्याचा वजिराकडचा उंट मारतो. शह आणि मात. राजाला हलायला घर नाही, मधे घालायला मोहरा नाही.

“पण मॅडम,” सर म्हणाले, “यात एक मेख आहे. तिसऱ्या चालीला तुमचा वजीर त्याच्या उंटाच्या थेट तोंडात असतो. नक्कल सोडून त्यानं डोळे उघडले तर तुमचा वजीर फुकट गेला. म्हणजे हे औषध फक्त आंधळ्या नक्कल करणाऱ्यालाच लागू पडतं. जो बघतो, त्याच्यावर चालत नाही.”

मला अर्थातच दुसरं औषध आवडलं. पण तो आकड्यांच्या नावाचा भामटा मला पुन्हा काही भेटला नाही. आठवडाभर मी त्याच्यासाठी जाळं टाकून बसले होते.

नक्कल या विषयावर आम्हा मास्तर मंडळींची मतं जरा कडकच असतात. ट्यूटोरियलच्या वह्या तपासताना शुद्धलेखनाची एकच चूक एका बाकावरून दुसऱ्या बाकावर कशी प्रवास करते, हे आम्हाला पाठ असतं. एकदा पहिल्या वर्षाला मी ‘माझी आई’ असा विषय दिला होता. विषय बाळबोध आहे हे मला कळतं, पण त्यावर मुलं खरं लिहितात. दोन मुलांचे निबंध जवळजवळ सारखे निघाले. दोघांच्या आया पहाटे उठतात, मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात, बोटांना तंबाखूचा वास असतो तो जेवणातही येतो, आणि दोघींच्या विड्या मोजून घेताना मुकादम काही विड्या वाईट म्हणून बाजूला काढतो. मी दोघांना उभं केलं आणि सगळ्या वर्गापुढे विचारलं, “कुणी कुणाचं उतरवलं?” दोघंही गप्प. मग एक जण खाली बघत म्हणाला, “मॅडम, आमच्या आया एकाच कट्ट्यावर बसत्यात.”

निपाणीत वीस वर्षं शिकवणाऱ्या बाईला हे विचारावं लागलं! असो. तो प्रसंग इथे का आठवला ते पुढे कळेल.

आता अण्णांकडे येते. बुद्धिबळ मला शिकवलं ते माझ्या वडिलांनी. अण्णा निपाणीतल्या एका तंबाखूच्या वखारीत हिशेबनीस होते. दुपारच्या सुटीत वखारीत पट मांडला जायचा. अण्णा, एक कानडी बोलणारे तोलारी आणि भोवती दहा-बारा बघे. तोलारी ‘चदुरंग’ म्हणायचे, अण्णा ‘बुद्धिबळ’. भांडणं दोन्ही भाषांत व्हायची आणि शिव्याही. घरी मात्र त्यांच्यासमोर बसायला कुणी नव्हतं. दादाला क्रिकेटचं वेड. मग उरले मी. मी सात-आठ वर्षांची असेन.

मुलीला काय हा खेळ शिकवता, असं घरात कुणीतरी म्हणालंच. अण्णांच्या हिशेबाच्या वहीत वर्तमानपत्राचं एक कात्रण होतं, खाडिलकर भगिनींचं. ते उघडून त्यांनी दाखवलं. वासंती, जयश्री आणि रोहिणी. १९७४ साली महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली ती वासंतीनं जिंकली, दुसऱ्या वर्षी जयश्रीनं, आणि तिसऱ्या वर्षापासून रोहिणीनं. १९७६ साली तेरा वर्षांची रोहिणी पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली होती. १९८१ साली ती आशियाई विजेती झाली. अण्णांना हे सगळं सनावळीसकट पाठ. मी काही रोहिणी खाडिलकर झाले नाही, हे उघडच आहे. पण आमच्या गल्लीत फ्रॉक घालून बुद्धिबळ खेळणारी मी एकटीच होते.

अण्णांचे नियम जुने. प्यादं एकाच घरानं सरकणार, पहिल्या चालीलासुद्धा. प्यादं पलीकडच्या टोकाला पोचलं की ज्या पट्टीत पोचलं त्या पट्टीचा मोहरा होणार. किल्लेकोट वगैरे नाही. त्याऐवजी राजाला डावात एकदाच घोड्यासारखं अडीच घरं उडता यायचं, तेही शह बसायच्या आत. एकदा शह खाल्ला की तो हक्क गेला. शिवाय आमच्या घरच्या पटावर राजासमोर राजा नसायचा, राजासमोर वजीर मांडायची रीत. कॉलेजात गेल्यावर मी स्पर्धांचे नियम शिकले आणि अण्णांनाही शिकवले. ते शिकले, पण म्हणायचे, “राजाचं उडणं काढून घेतलंत, आता राजात राहिलं काय?”

दोन गोष्टींत मात्र अण्णा कधी बदलले नाहीत. एक, पांढऱ्या सोंगट्या त्यांनाच हव्यात. आणि दोन, फुकटात पडलेला मोहरा ते कधी सोडत नसत. मी चुकून एखादा मोहरा उघडा टाकला की ते आधी चष्मा कपाळावर चढवायचे, मग गल्लीला ऐकू जाईल असं ओरडायचे, “फुकट!” आणि मग उचलायचे. माया वगैरे काही नाही. लेक रडली तरी चालेल.

२०१८ साली आई गेली आणि अण्णा दादाकडे कागलला राहायला गेले. निपाणी ते कागल अंतर ते किती! वीसेक किलोमीटर. मधे कोगनोळी आणि दूधगंगेचा पूल. रविवारी सकाळी निघून डाव खेळून दुपारच्या जेवणाला परत, असा माझा नेम होता. इथली आपण माणसं ही सीमा दिवसातून दोनदा ओलांडतो. सासर अलीकडे, माहेर पलीकडे. दवाखाना कोल्हापूरचा, कुंदा बेळगावचा. पण २०२० च्या मार्चमध्ये कोगनोळीच्या नाक्यावर अडथळे लागले आणि ते वीस किलोमीटर एकदम वीसशे झाले. पास मिळायचा तो कारण असेल तर. म्हाताऱ्या बापाशी बुद्धिबळ खेळायचं आहे, हे कारण अर्जात कुठल्या रकान्यात बसणार?

मग पुतण्यानं युक्ती काढली. त्यानं अण्णांच्या हाती आपला जुना टॅब दिला, त्यावर खेळ घालून दिला आणि मला फोन केला, “आत्या, आजोबा तयार आहेत.”

पहिले काही डाव झकास झाले. अण्णांना काचेवर बोट फिरवायची सवय नव्हती, घोडा धरायला जावं तर उंट हलायचा. पण ते खेळत होते. ऑगस्टच्या शेवटी ऑनलाइन ऑलिम्पियाडचा अंतिम सामना झाला, भारत आणि रशिया. आपल्या नाशिकचा विदित गुजराथी भारताचा कर्णधार होता. ऐन वेळी इंटरनेट गेलं, निहाल सरीन आणि नागपूरची दिव्या देशमुख यांचे डाव वेळ संपून गेले, आणि मग दोन्ही देशांना मिळून सुवर्णपदक दिलं गेलं. मी अण्णांना फोनवर सगळं सांगितलं. ते म्हणाले, “तार तुटली आणि दोघंही जिंकले? बरं आहे की!”

त्याच सुमारास पुतण्या एकदा म्हणाला, “आत्या, आजोबांना काळ्या सोंगट्या दे. ते म्हणतात, तिला आधी खेळू दे.” मला गंमत वाटली. म्हटलं, उशिरा का होईना, लेकीला मान दिला.

आणि मग सुरू झालं. मी प्यादं, तेही प्यादं. मी घोडा, तेही घोडा. पहिल्या दिवशी वाटलं, योगायोग. दुसऱ्या दिवशी वाटलं, चेष्टा करतायत. त्या आकड्यांच्या भामट्याची गोष्ट मी त्यांना फोनवर रंगवून सांगितली होतीच, तेव्हा म्हातारा मला वेडावतोय, असं समजून मी हसले. आठवडाभर हेच. मग मात्र मला जरा राग आला. मला डाव हवा होता. दिवसभर त्या काळ्या चौकटीत पन्नास मुलांना ‘आवाज येतोय का’ विचारून झाल्यावर संध्याकाळी मला समोर माणूस हवा होता, आरसा नको होता.

सरांचं दुसरं औषध आठवलं. जहाल. म्हटलं, बघू या. खरं सांगते, माझी खात्री होती की अण्णा ते चालू देणार नाहीत. तिसऱ्या चालीला मी वजीर उंटाच्या तोंडात देणार, ते चष्मा कपाळावर चढवणार, टॅबमधून नाही तरी फोनवरून मला तो शब्द ऐकू येणार, ‘फुकट!’ मला हरायचंच होतं म्हणा ना.

वजिरापुढचं प्यादं दोन घरं. पलीकडूनही दोन घरं. वजीर दोन घरं. पलीकडूनही. मी वजीर आडवा नेऊन कडेच्या पट्टीत ठेवला. आणि वाट बघत बसले.

बराच वेळ गेला. मग अण्णांचा वजीर सावकाश आडवा आला आणि माझ्या वजिरासमोर उभा राहिला.

मी पडद्याकडे बघतच राहिले. माझा वजीर तिथे उघडा, फुकट, आणि अण्णांनी तो सोडला होता. वखारीतल्या बाराजणांच्या गलक्यात ज्यांच्या नजरेतून एक प्यादं सुटायचं नाही, त्यांनी. इथे मी थांबायला हवं होतं. पण हाताला ठरवलेलं करायची सवय असते. मी वजीर तिरका नेला आणि उंट मारला. पडद्यावर आलं, मात. चार चाली.

रात्री दादाचा फोन आला. आवाज खाली आणून बोलत होता. “काय केलंस गं तू? अण्णा टॅब उलटा ठेवून बसलेत. जेवले नाहीत.” मी म्हटलं, “दादा, त्यांनी माझा वजीर मारला नाही.” पलीकडे काही बोलणं नाही. मग तो म्हणाला, “दोन महिने झाले. मोहरे कसे चालतात ते विसरतात. घोड्यापाशी अडतात. तुला सांगू नका म्हणाले होते. तू जसं हलवतेस तसं बघून हलवतात. म्हणजे डाव तरी चालू राहतो, म्हणे.”

मला ती दोन मुलं आठवली. वर्गापुढे उभी केलेली.

पुढे सगळं रीतीप्रमाणे झालं. कोल्हापूरच्या डॉक्टरांकडे नेलं, तपासण्या झाल्या, स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे म्हणाले. गोळ्या सुरू झाल्या. त्यावर जास्त लिहीत नाही. ज्यांच्या घरात आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांच्या घरात नाही त्यांना सांगून कळत नाही.

आठवड्यानं मी पुन्हा डाव मांडला. अण्णा आले. मी प्यादं सरकवलं, त्यांनी सरकवलं. आणि आता माझ्यापुढे उलटाच प्रश्न होता. नक्कल कशी मोडायची, हा प्रश्न संपला होता. ती जास्तीत जास्त लांब कशी चालू ठेवायची? सांगायला सोपं आहे, करून बघा. शह द्यायचा नाही, कारण शह दिला की नक्कल संपते. मारामारी टाळायची. दोन मोहरे एकाच घरावर हक्क सांगतील असं काही करायचं नाही. कोणत्या चालीची नक्कल पटावर बसेल आणि कोणत्या चालीची बसणार नाही, हे आधीच दोन्ही बाजूंनी बघून ठेवायचं. मी आयुष्यात एवढा विचार करून बुद्धिबळ खेळले नव्हते. माझे आणि त्यांचे, दोघांचेही डाव मीच खेळत होते म्हणायला हरकत नाही, पण बोट त्यांचं होतं. तिसाव्या चालीच्या आसपास पोचलो की मी बरोबरी मागायची. पुतण्या सांगायचा, ‘हो’वर बोट ठेवा. ते ठेवायचे. मग फोनवर म्हणायचे, “आज चांगला रंगला.”

पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी असतात. शाहिराची ओळ ते उचलतात आणि परत देतात. मी ही झील वर्गात शिकवताना नेहमी घाईनं संपवते, परीक्षेत तिला दोन मार्क. त्या दिवसांत मला वाटायचं, शाहीर खरंच पुढे बघून गातो की मागे कान ठेवून?

एकदा मात्र त्यांनी डाव अडवला. बराच वेळ चाल येईना. मी फोन केला, तर अण्णाच बोलले, जरा चिडून. “हे यंत्र बिघडलंय. राजा उडत नाही.” पुतण्या मागून सांगत होता की ते राजा उचलून अडीच घरं नेतात आणि तो परत जागेवर येऊन बसतो. शिकवलेले नियम गेले होते. मी शिकवलेले. वखारीतले मात्र राहिले होते.

रस्ता मोकळा झाल्यावर पहिल्याच रविवारी मी आमच्या निपाणीच्या घरातला माळा उपसला. सागवानी पट एका कोपऱ्यात, सोंगट्या आईनं शिवलेल्या पिशवीत. एक काळा हत्ती नव्हता, त्याच्या जागी दोऱ्याचं रीळ घेतलं. कागलला गेले आणि ओसरीवर पट मांडला. राजासमोर वजीर. अण्णांनी तो पट हातानं पुसला आणि काही न विचारता सोंगट्या नीट लावल्या. अशा मांडणीत एक गोष्ट माझ्या तेव्हाच लक्षात आली. मोबाईलवर त्यांनी माझी नक्कल केली की ती आरशातली असायची, माझा उजवा तो त्यांचा डावा. इथे त्यांच्या उजव्या हाताला जे, तेच माझ्याही उजव्या हाताला. समोरासमोर बसलेली दोन माणसं जशी.

तेव्हापासून बहुतेक रविवार कागलला जातात. काही रविवारी ते चार-पाच चाली जुन्या सवयीनं खेळतात, काही रविवारी पहिल्या चालीपासून माझ्या हाताकडे बघतात. कधी कधी मी कोण ते त्यांच्या लक्षात येत नाही, पण समोर बसलेल्या बाईला खेळता येतं एवढं कळतं. वहिनी म्हणते, “वन्सं, तुम्ही आलात की त्यांना झोप बरी लागते.” हे ती मला बरं वाटावं म्हणून म्हणत असेल. बिचारी आठवड्याचे सहा दिवस सगळं ओढते आणि श्रेय सातव्या दिवशी येणाऱ्या नणंदेला देते.

२०२५ च्या जुलैत दिव्या देशमुखनं बाटुमीला महिलांचा विश्वचषक जिंकला. अंतिम सामन्यात समोर कोनेरू हंपी होती. त्या रविवारी मी अण्णांना वर्तमानपत्रातला फोटो दाखवला. म्हटलं, “अण्णा, महाराष्ट्राची पोरगी जगात पहिली आली, बुद्धिबळात.” त्यांनी फोटो जवळ धरला, लांब धरला. म्हणाले, “खाडिलकरांची का?” मी म्हटलं, “हो.” मग दादाकडे बघितलं, तो दुसरीकडे बघत होता.

त्याच दिवशीचा डाव. मी पांढऱ्या घेतल्या होत्या. प्याद्याला प्यादं, घोड्याला घोडा, नेहमीसारखं चाललं होतं. बाहेर पाऊस. माझं लक्ष अर्धं भिजणाऱ्या वाळवणाकडे होतं, अर्धं पटाकडे. त्यात मी हयगयीनं उंट सरकवला. हात सोडल्यावर दिसलं की पुढच्या चालीला त्यांना शह बसेल. तो मी देणार नव्हतेच, पण जागा तशी झाली होती. अण्णांनी माझ्या हाताकडे बघितलं. मग ते उंटाकडे बघत राहिले. आता ते आपला उंट उचलणार म्हणून मी थांबले. त्यांचा हात उंटापर्यंत गेला, तिथून मागे आला. त्यांनी राजा उचलला आणि अडीच घरं, घोड्यासारखा, प्याद्यांच्या आड नेऊन ठेवला. शह बसायच्या आत.

चष्मा त्यांनी कपाळावर चढवला.

“खेळ की,” ते म्हणाले.

मी पटाकडे बघितलं. खेळण्यासारख्या चार-दोन चांगल्या चाली होत्या. मी माझा राजा उचलला आणि तसाच, अडीच घरं उडवला.

“नक्कल करतीस व्हय गं?” अण्णा म्हणाले.